परदेशी अक्षांशाचं पुस्तक आणि आपलं १६ अंशांवरचं आकाश

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका नव्या छायाचित्रकाराकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर डीएसएलआर, १८-५५ ची किट लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८ ची लेन्स आहे. रात्रीच्या आकाशाचे फोटो शिकण्यासाठी कोणतं मार्गदर्शक पुस्तक घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे. हातात असलेलं इंग्रजी पुस्तक आकाशगंगेसाठी जुलै-ऑगस्ट सुचवतं, आणि नेमके तेव्हा खानापुरात आठ-आठ दिवस सूर्यही दिसत नाही. पुस्तकाप्रमाणे सेकंद मोजले तरी तारे लांबट येतात. आता उरलेल्या पैशांत दुसरं पुस्तक घ्यावं की स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र), हाही प्रश्न आहे.

खरी अडचण पुस्तक चुकीचं असण्याची नाही. अशा प्रत्येक पुस्तकात दोन प्रकारची माहिती एकत्र कालवलेली असते. एक भाग सगळीकडे सारखाच चालतो: सेन्सरवर प्रकाश कसा साठतो, आवाज (नॉइज, म्हणजे चित्रातले नको असलेले दाणे) कुठून येतो, फ्रेम एकावर एक का रचायच्या (स्टॅकिंग), डार्क (झाकण लावून घेतलेल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या पांढऱ्या उजेडाच्या) फ्रेम कशासाठी. दुसरा भाग लेखकाच्या अंगणातला असतो: कोणता महिना, आकाशातला कोणता पदार्थ (तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका) क्षितिजापासून किती उंच येतो, ध्रुव कुठे, दव किती, थंडी किती. बहुतेक पुस्तकं ४० ते ५२ अंश उत्तर अक्षांशावर बसून लिहिलेली असतात. आपण साधारण १६ अंशांवर आहोत. खानापूर थोडं खाली, अथणी थोडं वर, पण हिशेबाला १६ धरलं तर बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठेही फरक पडत नाही. पुस्तकाचा दुसरा भाग आपल्याला स्वतः पुन्हा मांडावा लागतो, आणि एकदा पद्धत कळली की ते फारसं अवघड नाही.

मी इथे पुस्तकांच्या नावांची यादी देत नाही. तुम्हाला डोंगरासकट आकाशगंगा टिपायची आहे की मृगातला तेजोमेघ जवळून, संगणक किती ताकदीचा आहे, बेळगाव शहरातून फोटो काढणार की जांबोटीच्या पुढे जाऊन, यावर उत्तर बदलतं. त्याऐवजी पुस्तक हातात आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय तपासायचं ते सांगतो.

आधी प्रकाशनाचं वर्ष बघा आणि लगेच कॅमेऱ्याच्या प्रकरणावर जा. दहा-दहा, वीस-वीस मिनिटांच्या एकेका एक्स्पोजरवर भर असेल, तर ते पुस्तक सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या काळातलं आहे. त्या सेन्सरचा रीड नॉइज (सेन्सर वाचताना दर फ्रेममध्ये मिसळणारा आवाज) जास्त असायचा, म्हणून कमी पण लांब फ्रेम घेणं फायद्याचं होतं. सोनीने सीसीडीचं उत्पादन बंद करायचं २०१५ साली जाहीर केलं आणि आज हौशी माणसाच्या हातात जवळजवळ सगळे सीमॉस सेन्सर आहेत. त्यांचा रीड नॉइज कितीतरी कमी आहे, त्यामुळे एक-दोन मिनिटांच्या पुष्कळ फ्रेम पुरतात. अशा जुन्या पुस्तकातलं प्रकाशशास्त्र अजूनही उत्तम असू शकतं, फक्त त्यातले एक्स्पोजरचे आकडे घेऊ नका.

दुसरी तपासणी ५०० च्या नियमाची. तारे लांबट न होता जास्तीत जास्त किती सेकंद द्यायचे, हे तो सांगतो आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो: ५०० भागिले फोकल लांबी, क्रॉप सेन्सर असेल तर आधी दीडने गुणून. तुमच्या १८ मिमीला त्यातून साडेअठरा सेकंद येतात, ५० मिमीला पावणेसात. हा नियम फिल्मच्या आणि मोठ्या पिक्सेलच्या काळातला आहे. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो, आणि तो ताऱ्याचं सरकणं लगेच पकडतो. तुमचे तारे लांबट येण्याचं कारण हेच आहे. त्याऐवजी एनपीएफ नियमाचं सोपं रूप वापरा: एफ-आकडा गुणिले ३५, अधिक पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले ३०, आणि या बेरजेला फोकल लांबीने भागा. १८ मिमी एफ/३.५ ला उत्तर येतं १३ सेकंद, ५० मिमी एफ/२.८ ला फक्त सव्वाचार. हे खगोलीय विषुववृत्ताजवळच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळच्या) ताऱ्यांसाठी, म्हणजे मृगासाठी काटेकोर आहे. आकाशगंगेचा गाभा विषुववृत्तापासून २९ अंश दक्षिणेला असल्यामुळे तिथे तारे किंचित हळू सरकतात, १८ मिमीला १५ सेकंद चालून जातात. ज्या पुस्तकात ५०० च्या नियमासोबत त्याची मर्यादाही सांगितली आहे, त्या लेखकाने आधुनिक कॅमेरा खरोखर वापरला आहे असं मी धरतो.

तिसरी तपासणी डार्क, फ्लॅट आणि बायस (झाकण लावून सर्वांत कमी वेळेच्या) फ्रेमच्या प्रकरणाची. लेखक नुसती कृती देतो की कारणही सांगतो? फ्लॅट का लागतात, तर लेन्सच्या कडांचा काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग भागाकाराने काढण्यासाठी. म्हणून फ्लॅट घेताना फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा लेन्सवर जशी होती तशीच हवी. डार्क का, तर सेन्सरच्या उष्णतेचा आवाज वजा करण्यासाठी. म्हणून डार्क त्याच तापमानाला, त्याच आयएसओवर आणि तितक्याच सेकंदांचे हवेत. हे 'का' दिलेलं असेल तर पुस्तक घेण्यासारखं आहे. नुसत्या मेनूतल्या बटणांची चित्रं असतील तर सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली की ती पानं वाया गेली.

आता ज्या भागाचं भाषांतर तुम्हालाच करायचं आहे त्याकडे येऊ. यासाठी एकच सूत्र पाठ करा. एखादा पदार्थ दक्षिणोत्तर रेषेवर आला की त्याची जास्तीत जास्त उंची म्हणजे ९० वजा तुमचा अक्षांश आणि त्या पदार्थाची क्रांती यांतला फरक. क्रांती (डेक्लिनेशन) म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर, उत्तरेला अधिक आणि दक्षिणेला उणे; ती प्रत्येक पुस्तकाच्या कोष्टकात असते, स्टेलेरियमसारख्या मोफत प्रणालीतही दिसते. आकाशगंगेच्या गाभ्याची क्रांती उणे २९. १६ आणि उणे २९ यांतला फरक ४५, आणि ९० वजा ४५ म्हणजे आपल्याकडे तो ४५ अंश उंच येतो. लंडनला तो दहा अंशही वर येत नाही. म्हणून तिकडची पुस्तकं गाभ्याबद्दल 'क्षितिजालगतचं धुरकट आकाश टाळणं अवघड' असं लिहितात. आपल्याला ती अडचण नाही, पण वेगळी आहे: गाभा इतका वर असताना खालचा डोंगर एकाच फ्रेममध्ये बसवायला १८ मिमी उभा धरावा लागतो. डोंगरासकट चित्र हवं असेल तर गाभा सर्वांत उंच येईपर्यंत थांबू नका, उगवल्यानंतरच्या दोन तासांत घ्या.

याच सूत्राने बाकीचं पारखून पाहा. मृगातला मोठा तेजोमेघ, मेसिए ४२, क्रांती उणे ५.४: आपल्याकडे जवळजवळ ६९ अंश. कृत्तिका अधिक २४: ८२ अंश, म्हणजे डोक्यावरच. देवयानी दीर्घिका अधिक ४१: ६५ अंश, उत्तरेकडे. मेसिए ८१ आणि ८२ या दीर्घिका उत्तरेकडच्या पुस्तकांच्या फार लाडक्या, तिथे त्या रात्रभर उंच राहतात. आपल्याकडे ३७ अंशांच्या वर जात नाहीत आणि मावळतातही. उलट नरतुरंगातला ओमेगा हा भव्य गोलाकार तारकागुच्छ, क्रांती उणे ४७.५, युरोपातल्या पुस्तकात क्वचितच सापडेल. आपल्याकडे तो साडेसव्वीस अंश वर येतो, एप्रिलच्या मध्यात मध्यरात्रीच्या सुमारास, आणि ५० मिमीतही त्याचा गोळा ओळखू येतो. ऑस्ट्रेलियातलं पुस्तक मिळालं तर त्याच्या दक्षिणेकडच्या याद्या अशा पदार्थांसाठी जरूर चाळा. पण तिथे खूप उंच येणारा कॅरिनाचा तेजोमेघ आपल्याकडे १४ अंशांवरच थांबतो, हेही सूत्र लगेच सांगतं. डोंगरासकटची चित्रं सोडली तर माझा नियम साधा आहे: ३० अंशांच्या वर निवांत काढावं, २० ते ३० मध्ये फक्त पाऊस पडून हवा स्वच्छ झालेल्या रात्री, त्याखाली वेळ घालवू नये. ३० अंशांवर प्रकाश माथ्यावरच्या दुप्पट जाडीच्या हवेतून येतो, आणि उसाचं पाचट पेटलेल्या रात्री ती दुप्पट हवा फार महाग पडते.

ऋतूंचं प्रकरण तर पूर्णच नव्याने लिहायला हवं. पुस्तकातली उन्हाळी आकाशगंगा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत घाटमाथ्यावर कॅमेरा काढायची आशाच ठेवू नका. ऑगस्टमधला ययातीतला उल्कावर्षावही आपल्यासाठी बहुधा ढगांच्या वरच पडतो. गाभ्याचा खरा हंगाम आपल्याकडे दोन तुकड्यांत येतो. पहिला मार्च ते मे. २१ मार्चच्या सुमारास गाभा रात्री एकच्या आसपास आग्नेयेला उगवतो, पावणेतीनपर्यंत वीस अंश वर येतो आणि सव्वापाच-साडेपाचला पहाटेचा उजेड सुरू होतो. दर महिन्याला हे दोन तास अलीकडे येतं, म्हणून मेच्या मध्यात तो साडेनऊलाच उगवलेला असतो आणि पावणेतीनला दक्षिणेला सर्वांत उंच. मे महिन्यात वळीव सुरू होतात. वळवाने धूळ बसवली आणि दुसऱ्या रात्री ढग नसले, तर ती रात्र सोडू नका. उन्हाळ्यातली सर्वांत पारदर्शक हवा तेव्हाच मिळते. दुसरा तुकडा ऑक्टोबरचा आणि फार छोटा. ऑक्टोबरच्या मध्यात साडेसातला पूर्ण अंधार होतो तेव्हा गाभा नैऋत्येला अजून तीस अंश वर असतो, दहाला मावळतो. नोव्हेंबरच्या मध्यात अंधार पडेपर्यंत तो दहा अंशांवर आलेला असतो, म्हणजे हंगाम संपला.

आपल्या भागाचा सर्वांत भरवशाचा काळ मात्र नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. मृग, कृत्तिका, ययातीतला जोडगुच्छ, एकशृंगीतला रोझेट तेजोमेघ, सगळं उंचावर आणि ढग कमी. सुरुवातीला आकाशगंगेपेक्षा मृगाने प्रारंभ करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पदार्थ तेजस्वी आहेत, संध्याकाळीच मिळतात आणि चुका लगेच दिसतात. एक बारकावा पुस्तकात सापडणार नाही. भूस्थिर उपग्रहांचा पट्टा आपल्या अक्षांशावरून उणे पावणेतीन अंश क्रांतीवर दिसतो, म्हणजे मृगाच्या पट्ट्याखालच्या अश्वमुख तेजोमेघाला जवळजवळ चिकटून. ट्रॅकरवर काढलेल्या फ्रेममध्ये तिथे छोट्या समांतर रेघा दिसल्या तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. वीस-पंचवीस फ्रेम घेऊन स्टॅकिंग करताना सिग्मा क्लिपिंग (बाकीच्या फ्रेमपेक्षा फार वेगळे पिक्सेल गाळणारी पद्धत) निवडा, त्या रेघा निघून जातात.

चंद्राच्या बाबतीत पुस्तकं 'अमावास्येजवळचा शनिवार-रविवार' एवढंच सांगतात. आपल्या घरात भिंतीवर पंचांग असतं, त्यातून याहून नेमकं उत्तर मिळतं. संकष्टीचा चंद्रोदय साधारण नऊच्या आसपास असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे ऑक्टोबरमधल्या साडेसात ते नऊच्या कामासाठी कृष्ण चतुर्थीपासून पुढे अमावास्या ओलांडून शुक्ल द्वितीया-तृतीयेपर्यंत सगळ्या रात्री मोकळ्या. मार्चमधल्या पहाटेच्या कामाला उलट: चंद्र एकच्या आधी मावळला पाहिजे किंवा पहाटेपर्यंत उगवता कामा नये. म्हणून कृष्ण त्रयोदशीपासून शुक्ल सप्तमीपर्यंतच्या रात्री. महिन्यातल्या एका शनिवारऐवजी दहा-बारा रात्री हातात येतात. संधिप्रकाशाबद्दलची पानंही सोडून द्या. उत्तरेला उन्हाळ्यात रात्रभर पूर्ण अंधार होत नाही, म्हणून तिकडे त्यावर प्रकरण असतं. आपल्याकडे बारा महिने सूर्यास्तानंतर सत्तर ते पंच्याऐंशी मिनिटांत अंधार पूर्ण होतो.

ध्रुव शोधून ट्रॅकर जुळवायच्या प्रकरणावर थोडं थांबू, कारण नवे लोक सर्वांत जास्त इथे अडतात. पुस्तकातल्या चित्रात ध्रुव छान वर, छताच्या कितीतरी वर असतो. आपल्याकडे तो १६ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या दीडपट उंचीवर. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला उत्तरेला टेकडी किंवा झाडी आली की गेला. चिकोडी-रायबागच्या सपाटीवर गळिताच्या हंगामात धुरात विरतो. म्हणून जागा ठरवताना आधी उत्तर मोकळी आहे का ते दिवसा बघा, दक्षिणेचं सौंदर्य नंतर.

ट्रॅकरचा फिरण्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. तो इतका आडवा झाल्याने दुसरी अडचण वजनाची येते. कॅमेरा तिवईच्या मध्यावर न राहता उत्तरेला पुढे लोंबतो. तिवईचा एक पाय बरोबर उत्तरेला ठेवा, नाहीतर लांब लेन्स लावल्यावर सगळं सामान कलंडतं. प्रतिभाराची दांडी असेल तर ती त्याच पायाला लागते का, हे अंधार पडण्याआधी हाताने पूर्ण फेरी फिरवून बघा. लागत असेल तर वजन दांडीवर आत सरकवा किंवा तिवईवर छोटा उंचवटा बसवा. काही वेजचा (ट्रॅकरचा कल ठरवणाऱ्या बैठकीचा) खालचा टप्पा १५ अंशांच्या आसपास संपतो. खरेदीआधी तो आकडा जरूर विचारा, कारण तिकडच्या परीक्षणांत त्याचा उल्लेखच नसतो.

पण जुळवणी किती अचूक हवी, यावर पुस्तकं गरजेपेक्षा जास्त घाबरवतात. हिशेब असा आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा): अक्षात एक कलेची चूक असेल तर तारा तासाला जास्तीत जास्त सुमारे १६ विकला सरकतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सध्या साधारण ३८ कला दूर आहे. पोलर स्कोपचा (ध्रुवावर अक्ष जुळवायच्या छोट्या दुर्बिणीचा) काहीही खटाटोप न करता अक्ष सरळ ध्रुवताऱ्यावरच रोखला, तर एका मिनिटात सरक होते दहा विकला. तुमच्या ५० मिमीवर एक पिक्सेल सोळा विकलांचा आहे. म्हणजे साठ सेकंदांच्या फ्रेममध्ये पाऊण पिक्सेलही सरक नाही, तारे गोल येतील. १३५ मिमीवर पिक्सेल सहा विकलांचा होतो, तिथे चूक दहा कलांच्या आत आणायलाच हवी आणि पोलर स्कोप लागतो. २०० मिमीच्या पुढे पाच कलांच्या आत. तिथे मग वातावरणाने ध्रुवतारा साडेतीन कलांनी वर उचललेला असतो हेही मोजावं लागतं. ४५ अंशांवर हे वक्रीभवन एकाच कलेचं असतं, म्हणून तिकडची पुस्तकं ते सोडून देतात.

ध्रुव दिसतच नसेल आणि लेन्स ३५ मिमीपर्यंत असेल, तर होकायंत्र आणि फोनमधला कोनमापक पुरतात. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्याच अंशाचा फरक आहे. फोन गाडीपासून आणि लोखंडी तिवईपासून चार पावलं दूर नेऊन दिशा घ्या, जमिनीवर दोरी टाकून रेष पक्की करा, मग तिवई त्या रेषेवर आणा.

हवामानाबद्दल पुस्तक कुठे लिहिलं आहे ते बघून विश्वास ठेवा. ॲरिझोनाच्या वाळवंटातला लेखक दवाबद्दल दोन ओळी लिहील. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खानापूरच्या शेतात नऊ वाजता लेन्सच्या पुढच्या काचेवर पाणी जमलेलं असतं. यूएसबीवर चालणारा ड्यू हीटरचा पट्टा घ्या, पाच ते दहा वॅटचा. तो लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळा, फोकसच्या कड्यावर नको. काच दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर राहिली की पुरे, जास्त तापवली तर लेन्समधली हवा हलून तारे फुगतात. २०,००० एमएएचची पॉवर बँक दहा वॅटचा पट्टा पाच-सहा तास चालवते. दव सुरू झाल्यावर पट्टा लावून उपयोग नाही, पहिल्या फ्रेमच्या आधीच तो चालू हवा.

उष्णतेचं उलट आहे. थंड देशातल्या पुस्तकात डीएसएलआरच्या गरम आवाजाला कमी लेखलेलं असतं. सेन्सरचा हा आवाज दर पाच-सात अंशांना दुप्पट होतो. एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतरही हवा वीस अंशांच्या आसपास असते, आणि सलग फ्रेम घेताना सेन्सर त्याहून गरम होतो. डिसेंबरच्या डार्क फ्रेम एप्रिलला वापरू नका. त्याच रात्री, काम संपताच, लेन्सवर झाकण लावून वीस-तीस डार्क घ्या. दर दोन फ्रेममध्ये काही सेकंद विश्रांती दिली तरी फरक पडतो. आणि लाइव्ह व्ह्यू फोकसपुरताच चालू ठेवा.

पावसाळ्याचे चार महिने लेन्स कशी ठेवायची हे परदेशी पुस्तकांत सहसा नसतं, आणि आपल्याकडे बुरशीने पुष्कळ लेन्स खराब होतात. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर सुकवून परत घाला. कॅमेऱ्याच्या कापडी पिशवीत लेन्स ठेवून पावसाळा काढू नका, ती पिशवीच ओल धरते.

प्रकाशप्रदूषणाच्या प्रकरणात दोन गोष्टी वेगळ्या करा. आकाश किती काळं आहे हे मोजायची बॉर्टलची नऊ पायऱ्यांची पट्टी, जी २००१ साली मांडली गेली, ती इथेही तशीच लागू आहे. फिल्टरचा सल्ला मात्र जुना असू शकतो. पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश कापणारे फिल्टर त्या दिव्यांच्या ठरावीक तरंगलांबीवर बेतलेले होते. आता रस्त्यावर पांढरे एलईडी आले, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, म्हणून त्या फिल्टरवर पैसे घालू नका. आकाश एका मॅग्निट्यूडने (तेजस्वितेच्या मापातल्या एका पायरीने) उजळ असेल तर तेवढ्याच प्रतीच्या चित्राला अडीचपट वेळ लागतो. त्यामुळे फिल्टरच्या पैशांत मळ्यापर्यंतचं पेट्रोल जास्त कामाला येतं.

कुठल्या दिशेचा उजेड आपल्या पदार्थावर पडतो, हे जागेप्रमाणे बदलतं. जांबोटी-कणकुंबीहून बेळगावचा उजेड ईशान्येला राहतो, म्हणून मार्च ते मे दक्षिणेकडचा गाभा तिथून उत्तम. सौंदत्तीच्या पठारावरून आकाश मोठं दिसतं, पण दक्षिणेला धारवाड-हुबळीचा उजेड आहे, तिथून मृग आणि देवयानी काढा, गाभा नको. हिडकलहून बेळगाव दक्षिण-नैऋत्येला येतं, त्यामुळे ऑक्टोबरचा मावळता गाभा तिथे वाया जातो. तो अथणी-रायबागच्या बाजूने घ्या, तेही गळीत सुरू होण्याआधी. भीमगड अभयारण्याच्या परिसरात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नका, अस्वल आणि गवा दोन्ही तिथे आहेत. ओळखीच्या शेतमालकाला सांगून त्याच्या खळ्यावर तिवई मांडणं सर्वांत सोपं. त्याला आधी विचारा की रात्री पंपाचा दिवा कधी लागतो.

प्रक्रियेसाठी वेगळं पुस्तक विकत घ्यायची घाई नको. सिरिल हे फ्रेम रचायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज असेल तर डीपस्कायस्टॅकरही. ज्या पुस्तकात रेषीय माहिती म्हणजे काय, ती ताणायच्या (अंधुक भाग उजळवायच्या) आधी पार्श्वभूमीचा उतार (एका कडेकडून दुसरीकडे बदलत जाणारा उजेड) का काढायचा आणि रंग कधी जुळवायचे, एवढा क्रम कारणासह दिला आहे, ते कोणत्याही सॉफ्टवेअरला पुरतं. सर्वांत सामान्य चूक क्रमाची असते: आधी चित्र ताणलं, मग उतार काढायला गेलो, की तेजोमेघाच्या कडाही उताराबरोबर जातात.

म्हणजे आतापर्यंतचं सार असं: एकच पुस्तक घ्या, सेन्सर, कॅलिब्रेशन आणि प्रक्रियेसाठी, २०१५ नंतरचं, कारणं सांगणारं. ऋतू, उंची, ध्रुव, दव आणि जागा यांसाठी स्वतःची वही करा. त्या वहीचं पहिलं पान म्हणजे उंचीचं सूत्र, दुसरं म्हणजे बारा महिन्यांची पंचांगाची खूण.

ट्रॅकर की दुसरं पुस्तक, याचं उत्तर तुमच्याच ५० मिमीकडून मिळवा. थंडीतल्या एखाद्या कृष्ण पक्षातल्या रात्री मृग पुरेसा वर आला की लेन्स एफ/२.८ वर आणा, आयएसओ १६००, चार सेकंद, रॉ. फोकस व्याधावर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून करा, तारा सर्वांत लहान दिसेल तिथे कडं चिकटपट्टीने बांधा. इंटरव्हॉलोमीटरने (ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेणाऱ्या साधनाने) एका सेकंदाच्या अंतराने तीनशे फ्रेम घ्या. दर दहा मिनिटांनी मृग पुन्हा मध्यावर आणा, कारण तेवढ्या वेळात तो अडीच अंश सरकलेला असतो. मग पंचवीस डार्क. फ्लॅटसाठी लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून लॅपटॉपचा पांढरा पडदा समोर धरा, हिस्टोग्राम मध्यावर येईल इतकं आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहून लांब एक्स्पोजर द्या, म्हणजे पडद्याच्या लुकलुकीचे पट्टे येत नाहीत. आयएसओ आणि फोकस तोच. असे वीस.

हे वीस मिनिटांचं एकत्र चित्र सिरिलमध्ये रचून ताणलं, की मृगाच्या तेजोमेघाचे पंख दिसायला हवेत. ते दिसले आणि चित्रात फक्त बारीक दाणे उरले असतील, तर तुमची अडचण रीड नॉइजची आहे. चार सेकंदांत काळ्या आकाशाचा हिस्टोग्राम डाव्या कडेपासून सुटतच नाही. साठ सेकंदांच्या वीस फ्रेम तेवढ्याच वेळात खूप स्वच्छ चित्र देतील, तेव्हा पैसे ट्रॅकरमध्ये घाला. पण तारे सुजलेले असतील, कोपरे काळे राहिले असतील किंवा ताणल्यावर चित्रावर तिरपे पट्टे उमटले असतील, तर ट्रॅकर त्यातलं काहीच दुरुस्त करणार नाही. फोकस, फ्लॅट आणि डार्क यांचं प्रकरण पुन्हा वाचा आणि तीच मांडणी पुढच्या कृष्ण पक्षात परत करा. त्यानंतरही अडलं तर एक मूळ रॉ फ्रेम, एक फ्लॅट आणि स्टॅक केलेली न ताणलेली फाइल इथे द्या; ताणलेल्या जेपेगवरून कारण ओळखता येत नाही.